पाच फूट दहा इंचांचा माणूस

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. तरी कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की मला पहिल्यांदा आठवते ती एक साधी मिसिंग. त्यात गुन्हेगार कोणी नव्हता. चूक करणारा मात्र होता, आणि तो मीच. नावं कोणाचीही सांगणार नाही.

मी तेव्हा देवरूखच्या बाजूला एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका सकाळी डोंगरातल्या वाडीतली बाई नवरा हरवल्याची खबर द्यायला आली. बाई शिवणकाम करायची. नवरा सुतार, वय बेचाळीस. काम बघायला म्हणून घाटावर गेला, चार दिवस झाले, फोन बंद. वर्णन घेताना मी उंची विचारली. ती म्हणाली, पाच-दहा. मी कच्च्या कागदावर ५.१० लिहिलं, आपण सगळे तसंच लिहितो. संगणकावरचा फॉर्म मात्र उंची सेंटिमीटरमध्येच घेतो. तिथे बसणारा शिपाई रजेवर होता, म्हणून मीच मोबाइलवर फुटाला साडेतीस धरून गुणाकार केला आणि आलेला आकडा भरला. एकशे पंचावन्न. सही केली आणि चहा मागवला.

तीन आठवडे काही हाती लागलं नाही. मग पूर्णगडच्या मच्छीमारांना खाडीच्या तोंडाशी एक प्रेत दिसलं. तिथल्या ठाण्याने आमची यादी पाहून मला फोन केला. पुरुष, वय चाळिशीचं, उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर, चेहरा पाण्याने ओळखू येण्याजोगा राहिलेला नाही. मी बाईला आणि मुंबईहून आलेल्या तिच्या दिराला घेऊन शवागारात गेलो.

बाई पायांकडे बराच वेळ बघत राहिली. मग मान हलवून म्हणाली, “हे ते नाय, साहेब.” मी तिला समजावलं की कागदावरची एकशे पंचावन्न उंची जुळते, वय जुळतं. तिने पुन्हा नाही म्हटलं. माणूस गेला हे पहिल्या दिवशी कोणालाच पटत नाही, हे मी कितीदा पाहिलं होतं. तीही त्यातलीच, असं मी धरून चाललो.

दीर मात्र ओळख पटल्याची सही लगेच करायला तयार. इतकी घाई का? पोलिसाचं डोकं अशा वेळी वाकडंच चालतं. दोघा भावांत सामाईक आंब्याच्या कलमांची बाग आहे, हे मला कळलं होतं. मी त्याला ठाण्यात बसवून दोन तास उलटसुलट विचारलं. शेवटचं बोलणं कधी झालं, भांडण कशावरून, त्या दिवशी तू कुठे होतास. तो सगळ्याची सरळ उत्तरं देत राहिला. अखेर आवाज चढवून मी घाईचं कारण विचारलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “आई तीन आठवडे दारात बसून हाय. धड जेवत नाय. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, म्हणजे ती आत तरी येईल.”

माझी मलाच लाज वाटली. त्याला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

प्रेत फार दिवस ठेवता येत नव्हतं, आणि डीएनएचा अहवाल यायला वेळ लागणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एकटीच आली. पिशवीतून नवऱ्याची पँट काढून तिने माझ्या टेबलावर पसरली आणि शेजारी शिवणकामाची टेप ठेवली. पँट तिनेच शिवलेली होती. लांबी त्रेचाळीस इंच. मग तिने टेप उलटी केली. मागच्या बाजूला सेंटिमीटर होते.

“त्रेचाळीस म्हंजे एकशे नऊ झाले. तुमच्या एकशे पंचावन्नातनं ते वजा करा. शेहेचाळीस उरतात. कमरेपासून डोक्यापर्यंत माणूस हातभरच असतो काय, साहेब?”

मी कच्चा कागद शोधून काढला. पाच फूट दहा इंच. फुटात इंच बारा असतात, दहा नव्हेत, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मोबाइलला नव्हतं. त्याने ५.१० म्हणजे पाच फूट आणि फुटाचा दहावा भाग धरला, आणि मी शहाण्याने तो आकडा डोळे मिटून उतरवला. खरी उंची एकशे अठ्ठ्याहत्तर. धडधाकट माणसाला मी एका बोटाने नऊ इंच छाटलं होतं. तिथेच, हवालदारांच्या देखत, मी बाईची माफी मागितली.

नोंद दुरुस्त करून शेजारच्या जिल्ह्यांत पुन्हा संदेश पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. घाटावरच्या एका सरकारी रुग्णालयात गाडीने उडवलेला एक अनोळखी इसम महिनाभर पडून होता. डोक्याला मार, नाव सांगता येत नव्हतं. त्यांनी आमची पहिली नोंद पाहिली होती, पण उंचीत एवढा फरक बघून सोडून दिली होती.

आम्ही पोचलो तेव्हा तो जागा होता. दाढी वाढलेली, डोक्याला पट्टी, पाय खाटेबाहेर आलेले. त्याने बायकोकडे टक लावून बघितलं. मग त्याने हळूच पाय बाजूला घेतले आणि तिला बसायला जागा केली. ती बसली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, कारण मला रडू आवरेना.

परतताना तिच्या सासूला फोन करून झाला, आणि जीपमध्ये बाई एकदम म्हणाली, “मग ते कोण होते, साहेब? ते पाण्यातले?”

खरं सांगतो, माझ्या डोक्यातून तो माणूस गेलाच होता. तोपर्यंत त्याला बेवारस म्हणून पुरलंही होतं. तिच्या प्रश्नामुळे मी त्या ठाण्याच्या मागे लागलो. चार महिने गेले. तो मंडणगडकडचा निघाला. घरच्यांना वाटत होतं तो मुंबईत कामावर आहे. मुंबईत त्याच्या खोलीवरच्यांना वाटत होतं तो गावी आहे. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं होईपर्यंत तक्रारच कुठे नव्हती. राखून ठेवलेला नमुना त्याच्या भावाशी जुळला.

या केसने मला एक शिकवलं. आपल्याला जे उंची, वजन, वय असतं, ते समोरच्याला त्याचं माणूस असतं. म्हणून त्याने नाही म्हटलं तर आधी आपला कागद तपासावा. निवृत्त होईपर्यंत मी नव्या पोरांना हे सांगत आलो.

मंडणगडचं कळलं त्या संध्याकाळी मी बाईला फोन केला. वाटलं, तिला हलकं वाटेल.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता त्यांच्या घरात रडता तरी येईल.”