भाड्याच्या शाली आणि मूळ सर्टिफिकेटं

नोकरीतलं बरंचसं विसरलो, पण एक तपकिरी शाल मागायला पोलीस ठाण्यात आलेला मंडपवाला मला अजून काल आल्यासारखा दिसतो. मी तेव्हा भाईंदर पूर्वेला हवालदार होतो. शिक्षण सातवी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी शोध लावायला नको. त्या सातवीच्या एका कागदावर मला खाकी मिळाली. तो कागद आजही माझ्या ट्रंकेत आहे. म्हणूनच हे प्रकरण मी सोडलं नाही.

नव्वद सालानंतरचा काळ. मीरा रोडला जिकडे बघावं तिकडे नव्या बिल्डिंगा उठत होत्या. गिरगाव, परळ सोडून आलेली नोकरदार माणसं आणि त्यांची शिकलेली मुलं. पदवी हातात, पण पुढे कुठे अर्ज करायचा हे सांगणारं घरात कोणी नाही. हे बरोबर हेरून एक गृहस्थ आला. टाय, चष्मा, तोंडात इंग्रजी. लोक त्याला प्रोफेसर म्हणायला लागले. त्याने स्टेशनजवळच्या लग्नाच्या हॉलमध्ये मेळावा भरवला. एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांना शिष्यवृत्ती, परदेशातल्या परिषदेला जायचं भाडं, संशोधनाला मदत, सगळं एका जागी मिळणार असा बोर्ड होता.

मी दारात बंदोबस्ताला. आमच्या ठाण्याचे इन्स्पेक्टर, आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो, ते प्रमुख पाहुणे. त्यांना शाल-श्रीफळ झालं. मग निवड झालेल्या मुलांची नावं पुकारली, एकेकाला शाल घातली, फोटो काढला. आईबाप डोळे पुसत होते. मी दारातून एवढंच बघितलं की मुलं स्टेजवरून शाल घालून पडद्यामागे जातात आणि बाहेर येतात ती शालीशिवाय. असेल शिकलेल्या लोकांची पद्धत, म्हणून मी बघून ठेवलं.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी उत्तनचा एक ख्रिस्ती मच्छीमार मुलीला घेऊन ठाण्यात आला.

"हवालदार, पोरीची सर्टिफिकटा त्या मास्तरानं नेली हाय. आता देत न्हाय."

मुलगी एम.एस्सी. झालेली. माशांवर संशोधन करायचं होतं तिला. ती म्हणाली, "काका, मंगळवारी विद्यापीठात फेलोशिपचा इंटरव्ह्यू आहे. मूळ सर्टिफिकेटं दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. सरांनी तपासायला म्हणून सगळ्यांची घेतली. आता म्हणतात दिल्लीला गेली, सोडवायला खर्च येईल."

"फेलोशिप म्हणजे काय?"

"पीएच.डी. करताना दर महिन्याला पैसे मिळतात."

"शिकायचे पैसे मिळतात?"

"हो काका."

"मला फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभं करायचे."

बाप हसला. "मना पन वाटला पोर थापा मारते."

मुलगी हसली नाही. "दुसरी प्रत काढायला कितीतरी महिने जातात. मंगळवार चुकला की माझी जागा पुढच्या नावाला जाईल. बाबांना होडी विकायला लावून मी शिकणार नाही."

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "मुलांनी आपल्या हाताने दिली ना? मग गुन्हा कुठला? साधा अर्ज घे आणि घरी पाठव." त्यांचा सत्काराचा फोटो प्रोफेसरच्या ऑफिसात फ्रेम करून लावलेला होता. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी ठाणे अंमलदार, म्हणजे फिर्याद लिहून घेणारा, मी होतो. टेबल माझं, पेन माझं. बाहेर येऊन मी फिर्याद नोंदवली, फसवणूक आणि विश्वासघात. साहेबांनी वाचलं आणि लाल झाले.

"तुला कायदा कळतो?"

"तेवढा नाही कळत साहेब. पण फिर्याद घेता येते."

"मग तपासही तूच कर. काही निघालं नाही तर तुझं बघतो."

प्रोफेसरच्या ऑफिसला कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणाला, चार दिवसांत फिरकलेला नाही. शुक्रवार असाच गेला. त्या मुलीचा बाप संध्याकाळी येऊन बाकड्यावर बसला आणि उठून गेला. ते मला जास्त लागलं.

शनिवारी सकाळी एक मंडपवाला आला. हातात टोपी, चेहरा ओशाळलेला.

"हवालदार, छोटा काम होता. बुरा मत मानो. बडे साहेब की शाल चाहिए."

"कसली शाल?"

"वो सत्कारवाली. भाड्याची आहे ना. बाकी सब वापस आया, साहेबांची तेवढी घरी गेली. प्रोफेसर बोलला, तूच जाऊन माग. उद्या बेव्हर्ली पार्कला त्याचा प्रोग्राम आहे, सेट पूरा पाहिजे."

मुलांच्या अंगावरून शाली का उतरत होत्या ते तेव्हा कळलं. मी त्याला बसवलं, चहा सांगितला. इतक्या वर्षांत एक बघितलंय, स्वतःची वस्तू मागायला आलेला माणूस खोटं बोलत नाही. त्याला वस्तू हवी असते, बाकी कशाचं त्याला पडलेलं नसतं.

"आणखी काय अडकलंय तुझं?"

"पेटी. लोखंडी. शाल पेटीत दिला, वापस आला गाठोड्यात. पेटी मागितली तर बोलतो बाद में."

मी त्याचा जबाब लिहून घेतला आणि पेटी लक्षात ठेवली.

रविवारी दोन शिपाई घेऊन बेव्हर्ली पार्कला गेलो. हॉल भरलेला. मला बघून प्रोफेसर जरा चाचरला, पण माणूस तयारीचा. माइकवर म्हणाला, "आपले हवालदारसाहेब आलेत. त्यांचाही सत्कार करू." शाल घेऊन माझ्याकडे आला. मी ती त्याच्या हातातून घेतली, त्याच्याच खांद्यावर टाकली आणि म्हणालो, "झाला सत्कार. चला."

ठाण्यात तो इंग्रजीत सुरू झाला. मी ऐकून घेतलं. दमला तेव्हा म्हणालो, "आता मराठीत."

"तुमचं शिक्षण किती?"

"सातवी."

"मग तुम्हाला ही प्रोसिजर समजायची नाही. सर्टिफिकेटं रजिस्टर पोस्टाने दिल्लीला गेलीत."

"शाल भाड्याने आणणारा माणूस एवढ्या पाकिटांना रजिस्टरचं तिकीट लावतो?"

"तुम्ही विद्यार्थ्यांचं नुकसान करताय."

"पेटी कुठे आहे?"

त्याने चष्मा काढून पुसला.

"कसली पेटी?"

"मंडपवाल्याची. शाली परत केल्या, पेटी ठेवलीस. रिकामी पेटी कोण ठेवतो?"

त्याने पाणी मागितलं. चौकशीत माणसाने पाणी मागितलं की आमचं निम्मं काम झालेलं असतं. मी पाणी दिलं, त्याच्या अंगाला हात लावला नाही. ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "सिल्व्हर पार्कला खोली आहे."

पंच घेऊन गेलो. स्वयंपाकघराच्या माळ्यावर पेटी, वर जुनी चादर. आत दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतचे कागद, कितीतरी घरांचे. काहींना ओल लागली होती. त्या मुलीचे कोरडे होते. पंचनामा केला, पेटी ठाण्यात आणली.

मला वाटलं झालं. मोठे साहेब म्हणाले, "आता हा मुद्देमाल. केसचा निकाल लागेपर्यंत मुद्देमाल खोलीत राहील. नियम आहे."

बाहेर बाकड्यावर बाप आणि मुलगी. इंटरव्ह्यू परवावर आलेला.

मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब. मग भाड्याच्या शालीही मुद्देमालात घ्याव्या लागतील. एक कमी पडते. मंडपवाल्याने जबाबात ती कुठे आहे ते सांगितलंय."

ती शाल साहेबांच्या घरी टीव्हीवर पांघरलेली होती. त्यांच्याकडे टपाल द्यायला गेलो तेव्हा मीच बघितली होती. साहेबांनी पेपरवेट फिरवला.

"काय पाहिजे तुला?"

"सकाळी आरोपीला ठाण्याला कोर्टात न्यायचंच आहे. पेटीपण नेतो. फिर्यादीला पण."

"जा."

सोमवारी पेटी मी स्वतः उचलून कोर्टात नेली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, घाई कसली. वकील नव्हता, मुलगी स्वतःच उठली आणि जे मला सांगितलं होतं तेच सांगितलं, फक्त काकाच्या जागी सर म्हणाली. त्यांनी कागद उलटून बघितले आणि सुपूर्तनाम्यावर द्यायचा हुकूम केला. म्हणजे कोर्टाने मागितले तर आणून दाखवीन असं लिहून द्यायचं आणि कागद घेऊन जायचं. बापाने कागद छातीशी धरले. मुलगी म्हणाली, "बाबा, चुरगळतील." तेव्हा त्याने ते तिच्या हातात दिले.

तिला फेलोशिप मिळाली. मला बदली मिळाली, उत्तनच्या चौकीवर. शिक्षा म्हणून टाकलं होतं. मला शिक्षा वाटली नाही, तिथे मासळी ताजी मिळते. तिथेच एकदा ती भेटली. म्हणाली, "काका, इंटरव्ह्यूला क्लार्क म्हणाला ओरिजिनल ठेवून जा. मी म्हटलं, बघा, पण माझ्या हातात बघा."

लोक मला तेव्हा म्हणायचे, शिकलेली मुलं एवढी कशी फसली. मी आजही उलट बोलतो. मुलं बावळट नव्हती. त्यांना पुढे शिकायचं होतं, आणि वाट सांगायला एकच माणूस आला, तो चोर निघाला. चार खरी माणसं आधी आली असती तर चोराचा हॉल भरला नसता. पैसे आहेत, जागा आहेत, हे सांगायला शहाणे लोक कुठे होते? स्टेजवर शाल घेत होते.

मी रिटायर झालो तेव्हा नवे साहेब शाल घेऊन पुढे आले. मी विचारलं, "विकतची का भाड्याची?" सगळे हसले. मी हसलो नाही, शाल घेतली नाही, नारळ घेतला.

मग पेन्शनच्या कामाला गेलो. कारकून म्हणाला, शाळेचं मूळ सर्टिफिकेट ठेवून जा, आठवड्याने मिळेल. मी झेरॉक्स पुढे सरकवली. तो म्हणाला, ओरिजिनलच पाहिजे, आमचा नियम आहे. मी पिशवीतून सातवीचा कागद काढला, दोन्ही हातांनी काचेवर धरला आणि म्हणालो, वाच.

मागे रांग खोळंबली होती. खोळंबू दे. त्याचं वाचून होईपर्यंत मी धरून उभा राहिलो, आणि तोच कागद घेऊन घरी आलो.