वेस्तीचे बावन्न रविवार

साठीच्या बाईने सातपुडा चढू नये, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी एकमताने ठरवलं. ठराव लिहून झाला आणि मी घरी जाऊन वळकटी बांधली.

कारण असं. सातपुड्यातल्या एका पाड्यावर वेस्ती नावाची भिल्ल विधवा राहते. तिचा बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झाली, पण प्रभुभोजनाला बसायची परवानगी पंच देत नव्हते. डोंगरातल्या माणसाला नेम टिकवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. शेवटी अट घातली: ओळीने बावन्न रविवार पाळ. शेताला हात लावू नकोस, दारूला शिवू नकोस, बसून प्रार्थना कर. एक जरी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. बावन्नावा रविवार आता आला होता आणि तो समक्ष पाहून कोणीतरी अहवाल द्यायचा होता. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत हजेरी घेतली आहे. हे काम माझंच होतं. पंचांपैकी शमुवेलराव सोबत आले, बहुधा माझ्यावर नजर ठेवायला.

गुरुवारी सकाळी नंदुरबारहून बैलगाडीने निघालो. तापीपर्यंत वाट सोपी आहे. धूळ मात्र केसांत शिरते, म्हणून डोक्याला फडकं बांधावं. काठाला गुजर शेतकऱ्यांच्या केळी दाट उभ्या होत्या. नावेला माणशी एक आणा पडला. पलीकडे दुसरी गाडी केली. तिचा अहिराणी बोलणारा गाडीवान बोलका होता.

"माय, कथा चालनात?"

"मोलगीच्या बाजूला."

"तथा रस्ता नही शे. नुसता दगड शेतस."

"मला पाय आहेत."

त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मंग दगडस्नंच कठीण शे," तो म्हणाला. शमुवेलराव हसले. मी हसले नाही, पण भाड्यावर दोन पैसे जास्त दिले.

मुक्काम तळोद्याला केला. पुढे विकत काही मिळत नाही, तेव्हा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घोंगडी आणि मीठ इथेच घ्यावं. डोंगरात कोणाच्या घरी जाताना मिठाई नेऊ नये, मीठ न्यावं.

शुक्रवारी गाडी पायथ्याशी सोडली आणि चढ सुरू झाला. शनिवारीही दिवसभर चालणं. पहाटे पाचला उठून एक अध्याय वाचायचा आणि गुडघे टेकायचे, हा माझा कॉलेजपासूनचा नेम. शुक्रवारी रात्री मुक्काम पडला त्या गोठ्यातही तो मी मोडला नाही. माझी पुतणी म्हणते, सवयीने केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. मी तिला विचारलं, तू रोज जेवतेस म्हणून तुझं जेवण खोटं का? 

शनिवारी दुपार कलताना एका लहान बाजाराच्या गावी पोचलो. बाजार उठत होता. मोहाची फुलं, चारोळी, सुका बोंबील, मण्यांच्या माळा. वेस्तीचा पाडा तिथून तासाभराच्या अंतरावर. रात्रीला तिथेच थांबलो आणि रविवारी सकाळी निघालो.

पाड्याच्या खाली उतारावर ज्वारीचं एक शेत उभं होतं. बाकी सगळ्यांची कापणी झालेली. त्या एकाच शेतात एक बाई कमरेत वाकून सपासप विळा चालवत होती.

"हाईच वेस्ती," शमुवेलराव म्हणाले. चढ लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता. "मी सांगेल व्हतं ना बाई? यास्ले नेम म्हंजे काय, ते समजत नही."

मला संताप आला. चार दिवस प्रवास करून मी हे पाहायला आले होते? मी बांधावरूनच ओरडले, "वेस्ती! आज रविवार आहे!"

ती सरळ उभी राहिली. काटक, चाळिशीची, घामाने भिजलेली. बाजारात येऊन-जाऊन तिला अहिराणी येते. ती शांतपणे म्हणाली, "नही बाई. आयतवार सकाय शे." सकाय म्हणजे उद्या.

"कोणी सांगितलं?"

तिने बोटांवर मोजून दाखवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला शिकवलं होतं की बाजाराचा दिवस सोडून पुढचे दिवस मोजायचे, त्यातला दुसरा तो रविवार. कॅलेंडर पाड्यावर नाही. डोंगरात आठवडा बाजारावरच चालतो. बाजार काल झाला. म्हणजे आज पहिला, उद्या दुसरा.

बाजार मात्र पूर्वी शुक्रवारी भरत असे. दसऱ्यानंतर तो शनिवारी भरू लागला. वार बदलला हे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. त्यामुळे रविवार मोजायची रीतही बदलते, हे सांगायला कोणी आलं नव्हतं. आमच्या पंचांपैकीसुद्धा कोणी नाही.

तिने आम्हाला झोपडीपाशी नेलं. दाराच्या खांबावर विळ्याने केलेल्या खुणा होत्या. एक्कावन्न. पिशवीतल्या पंचांगावरून मी हिशेब लावला. अडतीस रविवार आणि तेरा सोमवार.

"तेरा वाया ग्यात," शमुवेलराव म्हणाले. "आते पहिलेपासून."

वेस्तीने शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं. तिचं शेत एकटंच का उभं होतं ते मला इथे कळलं. कापणीला गावातले सगळे मिळून एकेकाच्या शेतात राबतात आणि शेतवाला संध्याकाळी दारू पाजतो, त्याला लाहा म्हणतात. लाहा तिच्या रविवारी आला की ती जात नसे, म्हणून तिच्या शेतातही कोणी येत नसे. त्या तेरा दिवसांची किंमत ज्वारीच्या उभ्या कणसांत दिसत होती, आणि पाखरं ती वसूल करत होती.

मग तिने शमुवेलरावांकडे पाहिलं. "सोमवारले तुमना देव बजारले जास का?"

"नेम म्हंजे नेम," ते म्हणाले.

"आज आयतवार शे ना? मंग तुम्ही चालीसन काब आयनात?"

शमुवेलराव पागोटं काढून आत पाहू लागले. माझीही मान खाली गेली, कारण रविवारी चालत का आलात हा प्रश्न मलाही लागू होता; तासभर मीही चालले होते.

यापुढे बाजार झाला की लगेच पुढचा दिवस रविवार धरायचा, हे मी तिला समजावलं. तिने विळा खाली ठेवला, आजचा दिवस पाळला. पण उद्याचाही मोडणार नाही, म्हणाली. तो धरलेला आहे.

सोमवारी उन्हं वर येताच दोन पुरुष लाह्याला बोलवायला आले. ते भिलीत बोलले, शमुवेलरावांनी मला अर्थ सांगितला: "काल बसलीस, आज बसतेस. तुझा देव तुला काही काम करू देतो की नाही?" ती म्हणाली, "तो काम देतो. तुम्ही दारू देता." ते हसत गेले. ती ओढ्यावर न्हाऊन आली, खांबाला पाठ लावून बसली. प्रभूची प्रार्थना, मग दहा आज्ञा, एकही न चुकता. शब्बाथाची आज्ञा तिने शमुवेलरावांकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हटली. संध्याकाळी बावन्नावी खूण केली.

मंगळवारी मी तिच्या शेतात विळा धरला. दोन ओळी कापल्या, कंबर धरली. शमुवेलराव बांधावर बसून होते. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा उठले. त्यांनी पाच कापल्या.

घरी आल्यावर अहवाल लिहिला. बावन्न रविवार पाळले असं लिहिणं खोटं झालं असतं, आणि मी खोटं लिहीत नाही. लिहिलं ते असं: अडतीस रविवार, चौदा सोमवार, एकूण खाडे शून्य. चूक आमची, किंमत तिची.

बैठकीत एक पंच म्हणाले, "असं चालवून घेतलं तर उद्या कोणी बुधवार पाळेल."

"पाळू द्या," मी म्हणाले. "आधी तुम्ही ओळीने बावन्न बुधवार पाळून दाखवा. घड्याळ आणि कॅलेंडर घरात असताना."

शमुवेलरावांना विचारलं तेव्हा ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "खाडा नही शे."

माझा पाचाचा नेम अजून चालू आहे आणि चालूच राहील. पण त्याचा मला वाटणारा डौल डोंगरात उतरला. तो पाळताना माझं एक कणीसही कधी पाखरांनी खाल्लेलं नाही.

पाळकसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. भाकर आणि प्याला घेऊन आपण स्वतः वर जाऊ, म्हणाले. फक्त रविवारची इथली उपासना सोडून त्यांना आधी निघता येत नव्हतं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले, मग पुन्हा मोजले.

"म्हणजे मी तिथे पोचणार बुधवारी," ते म्हणाले.

कोणीही हरकत घेतली नाही.