किनारा राखायला माणूस

आमच्या ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, आयुष्यात एकही चहा बसून प्यायलेला नाही. मानकोलीच्या घरात कप हातात आला की स्वारी ओटीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. रिकामा कप शेजाऱ्यांकडे सापडायचा. अंग दुखतंय म्हणून अकलोलीच्या गरम कुंडात उतरायचे आणि नीट भिजायच्या आत "चला, निघू" म्हणत स्कूटरला किक मारायचे. अशात एकदा टीव्हीवर त्यांनी ऑलिव्ह रिडले नावाचं समुद्री कासव पाहिलं आणि त्यांना गुरूच भेटला. "सगला दर्या फिरतंय ते! आनि तुजी ताय?" मसाल्यासाठी ताईने सुपात निवडून ठेवलेलं दगडफूल उचलून ते माझ्या नाकासमोर धरायचे. "ही बघ. फांदी न्हाय, पान न्हाय, जिथं चिकटली तिथंच!"

हा टोमणा उगाच नव्हता. घराच्या तिन्ही बाजूंनी गोदामं उठली होती आणि जागा मागायला माणसं सारखी दारात. भावोजींना कल्याणला फ्लॅट हवा होता, ताईला ओटी सोडायची नव्हती. दगडफूलसुद्धा जागा बदलून जगतं हे तिला पटवायला त्यांनी एका उन्हाळ्यात सुपातलं सगळं दगडफूल विहिरीच्या कठड्याला डिंकाने चिकटवलं आणि पाणी शिंपडत बसले. बसले कसले, कठड्याभोवती फेऱ्या मारल्या. संध्याकाळपर्यंत धीर सुटला. त्या वर्षीचा मसाला दगडफुलावाचून कुटला गेला, आणि कालवणाला चव नाही म्हणून वर्षभर कुरकुरणारेही हेच!

ताई फारसं बोलायची नाही. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, तुमचं कासव फिरतंय सगला दर्या. पन अंडी घालाला मागारी किनाऱ्यालाच येतंय ना? मंग किनारा कोनी राखाचा?" भावोजी स्कूटर काढून निघून गेले. दुसऱ्या दिवशी जागा मागायला आलेल्या माणसाला मात्र त्यांनी दारातूनच वाटेला लावलं.

पुढे ताई गेली. दिवसकार्य उरकल्यावर मी म्हणालो, "भावोजी, चला थोडे दिवस दिघाशीला, आमच्याकडे." बाहेर जायचं म्हटलं की आधी चपला शोधणारा हा माणूस ओटीवर बसून होता. हातातला चहा निवून गेला होता.

"मी आलो तं," ते म्हणाले, "किनाऱ्याला कोन बसंल?"

मी आत जाऊन माझा कप घेऊन आलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.