आक्काच्या वजनाची ज्वारी

आमच्या आतोबांइतकी कसून तयारी करून बद्रीनाथाला गेलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा सापडणार नाही. लोक यात्रेला निघताना दशम्या बांधतात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात आणि चालू लागतात. आतोबा कित्येक वर्षं नुसती तयारीच करत होते. नांदूरघाटची चांगली जमीनजुमल्याची असामी, उंचीला बेताची, पण छाती दोन माणसांची. आणि त्या छातीत एकच गोष्ट ठाण मांडून बसलेली, ती म्हणजे आक्काला बद्रीनाथ घडवायचा, तोही आपल्या पाठीवरून. आक्का त्यांची थोरली बहीण. आई बाळंतपणात गेली तेव्हा बालविधवा होऊन माहेरी आलेल्या आक्कानंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढं तिचे गुडघे धरले आणि ओसरीवरून अंगणात उतरणंही जड झालं. "पहाडातले लोक टोपलीत बसवून नेतात की," असं माझे वडील एकदा सहज म्हणाले, तर आतोबा उसळलेच. "आक्का काय गवताचा भारा हाय? मला तिनं कवा दुसऱ्याच्या कडंवर दिलतं का?"

तयारीची सुरुवात म्हणून त्यांनी आक्काला आडत्याच्या कापसाच्या काट्यावर बसवलं. एका पारड्यात आक्का, दुसऱ्यात ज्वारी. तेवढी ज्वारी पोत्यात भरून ते पोतं पाठीला बांधायचं आणि उजाडता उजाडता गावामागचा घाट चढायचा, हा त्यांचा नेम. माथ्यावर पोहोचले की पोतं आमच्याच गावच्या बाजाराला उतरणाऱ्या एखाद्या बैलगाडीत टाकत आणि मोकळ्या अंगानं, शीळ घालत खाली येत. एकदा घाटात गस्तीवर आलेल्या शिपायाला वाटलं, हा गडी जकात चुकवून माल नेतोय. त्यानं दरडावलं, "बोरी में क्या है?" आतोबा दम खात म्हणाले, "आक्का हाय." शिपाई चार हात मागे सरकला आणि आतोबांना पोत्यासकट चावडीवर घेऊन आला. तिथं पोतं सोडलं तर आत ज्वारी. "मग आक्का कावून म्हनलास बे?" पाटलांनी विचारलं. आतोबा शांतपणे म्हणाले, "सवय लागाया पायजे न्हवं का? ज्वारी म्हनलं की मानूस थकला की धपदिशी खाली टाकतो."

थंडीची तयारी निराळी. बर्फ कसला असतो हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. फिरतीवर आलेल्या एका गोसाव्यानं "पाय बधिर करतो" एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर आतोबांनी ऐन पौषात पहाटे रांजणात पाय सोडून बसायला सुरुवात केली. आत्या म्हणाली, "ते पानी आता पेयाचं कुनी?" दुसऱ्या दिवशी रांजण गोठ्यात गेला आणि पायांचा नेम तिथं सुरू झाला. मनाची तयारी तर त्याहून अवघड. लांबच्या वाटेवर सोबती एकमेकांवर खेकसतात, तेव्हा राग गिळता आला पाहिजे, म्हणून रोज सकाळी कुणीतरी आपल्याला चार वाईट शब्द बोलावेत अशी त्यांनी घरात विनंती केली. आत्यानं चुलीवरून मान वर न करता विचारलं, "म्हंजी आजवर मी काय करीत हुते?" मला मात्र या माणसाचं भारी कौतुक वाटे. एखाद्या गोष्टीचा ध्यास घेणं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडं बघून शिकलो.

दर दिवाळीला ते आक्काला पुन्हा काट्यावर बसवत, आणि दर खेपेला ज्वारीच्या पारड्यातून पसाभर ज्वारी काढावी लागे. सुरुवातीला त्यांना ओझं हलकं झाल्याचा आनंद व्हायचा. मग एका दिवाळीला त्यांनी ज्वारी काढली, पारडी बरोबरीला आली, तरी ते ओंजळ तशीच धरून उभे राहिले. आक्का काट्यात बसून माळ ओढत होती. "आता निघाया पायजे," आतोबा म्हणाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. सामान वाहायला मी सोबत होतो.

हरद्वारच्या पुढं आतोबांनी चढ असे काही मारले की पहाडी लोक थांबून बघायचे. पाठीवर आक्का, तोंडात नाम, कपाळाला आठी नाही. पण आमचा घाट चढला की संपतो. तिथं चढाला तेवढाच उतार जोडलेला, आणि ओझं घेऊन उतरायचा सराव आतोबांनी कधी केलाच नव्हता. तिसऱ्या की चौथ्या उतारावर त्यांचे गुडघे लटलट कापायला लागले. आक्काला अलगद एका दगडावर टेकवून ते खाली बसले, ते उठेचनात. शेवटी एक पहाडी गडी आला, त्यानं आक्काला आपल्या पाठीवरच्या टोपलीत बसवलं आणि झपझप चालू लागला. आतोबा मोकळ्या पाठीनं मागून येत होते. इतका मोठा माणूस एवढासा झालेला मी पाहिला आणि मला रडू आलं.

संध्याकाळी मुक्कामाला ते भिंतीकडं तोंड करून बसले. भाकरीला हात लावीनात. आक्का सरकत सरकत त्यांच्याजवळ गेली. "आरं, तुज्या पाठीवर हुते तवा मला नुसता तुजा फेटा दिसत हुता," ती म्हणाली. "त्या टोपलीत बसनाऱ्याचं तोंड मागं ऱ्हातंय. आज दिसभर तुलाच बघत आले. लहानपनानंतर तुला इतकं कुटं बघाया मिळालतं रे मला? लई म्हातारा झालास." आतोबांनी भाकरी पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, फेटा नीट बांधला आणि टोपलीच्या मागं, आक्काला दिसतील इतक्या अंतरावरून, बद्रीनाथापर्यंत चालले. गुडघे दुखत होते, तरी तोंड हसरं ठेवलं होतं.