मांजरीचं पोट

आमच्या घरात मांजरीला पोटभर खायला घालत नसत. हा माझ्या आईचा नेम होता. पोट भरलं की मांजर उंदरामागं जात नाही, मग कणगीतली ज्वारी उंदरांचीच, असं ती म्हणायची. सकाळी बोटभर दूध अन् सांजेला भाकरीचा पापुद्रा, बस. उंदीर आणला तर मात्र बक्षीस. मांजर उंदीर तोंडात धरून ओसरीवर यायची, माझ्या लहान पोरीपुढं ठेवायची अन् वर पाहायची. पोरगी म्हणायची, "शाब्बास गं वाघीण," अन् आपल्या वाटीतलं दूध तिला पाजायची.

मी दोन यत्ता शिकलेला माणूस. लिहिण्यात चुकेल, पण जनावराचं मला कळतं, हे मी कुणापुढंही सांगेन.

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. एका हिवाळ्यात घरोघर उंदीर मरून पडायला लागले. गाठीचा रोग, प्लेग, आला होता. उंदीर पडले की गाव सोडायचं, हे लेकरालाही ठाऊक. घरांना कड्या घालून सारा गाव ओढ्यापलीकडं शेतात खोपी घालून राहिला. पोरीनं मांजर पोटाशी धरून आणली.

गावचे पाटील नात्यानं माझे चुलते. ते आले अन् म्हणाले, "ही मांजर गावात जाऊन मेलेला उंदीर खाईल अन् येऊन पोरीच्या वाकळंत शिरंल. मग रे?"

"न्हाई जाणार, काका."

"तिनं काय तुला शब्द दिला का?"

"पोटभर खाऊ घालतो. पोट भरल्यावर काहून जाईल?"

"एकदा जरी गेली, तर पुन्हा इथं पाय ठिवू द्यायचा न्हाई."

"कबूल." साऱ्या लोकांदेखत बोललो.

मग मी तिच्या खाण्याच्या मागं लागलो. म्हशीचं दूध सायीसकट दिलं. प्याली अन् सारं ओकून टाकलं. भाकर कुस्करून तूप घातलं. तिनं तूप चाटलं, भाकर तशीच. बायको म्हणाली, "माह्या बाळंतपणाला एवढं तूप दिसलं न्हाई मला."

शेवटी कयाधू नदीवर गेलो. तिथं एक म्हातारी भोईण मासे घेऊन बसायची. मी एकेक मासा उचलून कल्ले उघडून पाहू लागलो.

"पाव्हणे आलेत का, मालक?"

"न्हाई. मांजरीला पायजेत."

म्हातारी हसून हसून खोकायला लागली. "मंग शिळे न्या की! मांजर काय नाव ठिवती?"

"माही ठिवती," मी म्हणालो, अन् ताजेच घेतले.

आमच्या चुलीवर मासे चढत नसत. खोपीपासून लांब तीन दगड मांडून मी ते बिनमिठाचे शिजवले अन् काटे हातानं काढले. मांजरीनं सगळे खाल्ले, तोंड पुसलं अन् पोरीच्या मांडीवर झोपली. मी काकांच्या खोपीवरून मुद्दाम दोनदा गेलो.

चार दिवस बरे गेले. मग एका सकाळी मांजर ओढ्याकडून आली. तोंडात उंदीर. सरळ पोरीपुढं ठेवला अन् वर पाहिलं.

पोरगी "शाब्बास" म्हणायला गेली तोच बायकोनं तिला उचलून मागं ओढलं. गलका झाला. उंदीर मांजरीनं मारलेला होता का आधीच पडलेला, कोण सांगणार? लोकांनी तो गोवऱ्यांत जाळला. मांजर तिथंच बसून राहिली, तिचं दूध कुठंय म्हणून.

काका म्हणाले, "बोल आता."

"बांधून ठिवतो."

सुतळीनं खोपीच्या मेढीला बांधली. पुढं मासे ठेवले. तिनं पाहिलंही नाही. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला. मी काटे काढलेला मासा तिच्या तोंडाशी धरला, तिनं मान फिरवली. पुन्हा धरला, पुन्हा फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरगीही जेवेना. भरल्या पानासमोर दोघी उपाशी, अन् मी मधी बसलेला.

काका आले. या वेळी आवाज चढवला नाही. "बांधून मरंल ती. ओढ्यापलीकडं, गावाच्या अंगाला सोड."

नेली. पानावर मासे मांडले अन् सुतळी सोडली. तिनं मासे हुंगले, ओलांडले अन् शेपूट वर करून गावाची वाट धरली. मी हाका मारल्या. गावात पाय टाकायची मला मनाई होती.

रोज ओढ्याकाठी मासे ठेवत गेलो. पान रिकामं सापडायचं. तिनं खाल्ले का कावळ्यांनी, देव जाणे. पोरगी विचारायची, "बा, खाल्लं का तिनं?" मी म्हणायचो, "पान तर रिकामं हाय."

उन्हाळ्यात रोग हटला, घरी आलो. मांजर दिसली नाही. मेलेलीही सापडली नाही.

त्यानंतर घरात जी जी मांजर आली, तिला मी पहिल्या दिवसापासून पोटभर घातलं. आई भांडली, आता सुना भांडतात. मी ऐकत नाही. हल्लीची तर दूध-मासळी खाऊन लोळते. तरी उंदीर धरतेच. माझ्या बाजेपाशी आणून ठेवते अन् माझ्या तोंडाकडं पाहत बसते.

मला शाब्बास म्हणवत नाही. अन् तिला हाकलवतही नाही.