दादाकडे उरलेला एकच शब्द

सलूनवाल्याची जीभ वस्तऱ्यापेक्षा जास्त चालायची. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक हूं की चूं करू शकत नाही, म्हणूनच हा धंदा धरला, असं तो स्वतःच सांगायचा. मध्येच फर्मान सुटायचं, "गाल फुगवा!" गाल ताठ झाला की वस्तरा कसा सुळकन फिरतो.

अकरा वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत त्याचा थोरला भाऊ दाढीला बसला होता. गाल फुगवला, तर उजवीकडून फुस्स करून हवा निघून गेली. दादा मुळात नकलाकार. आरशात तोंडं वेडीवाकडी करून हसवायची त्याला खोडच होती.

"थांब... थांब..." दादा म्हणाला.

धाकट्याला ही नक्कलच वाटली, मेला खिदळत राहिला. दाढी पुरी केली, वर "झोप जरा, बरं वाटेल" म्हणून त्याला घरी निजवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूकडे जाणारं रक्त अडलं होतं, पेशी केव्हाच मेल्या.

तेव्हापासून दादाकडे तेवढा एकच शब्द उरला. चहा दिला, थांब. दिवा लावला, थांब. दिवसभर सलूनच्या बाकावर बसून तो तेच एका सुरात म्हणायचा. समोरासमोरच्या आरशांत दादांची रांग लागायची आणि सगळ्यांचे ओठ एकदम हलायचे. गिऱ्हाइकांच्या अंगावर काटा यायचा. सलूनवाल्याला तर वाटायचं, दादा अजून त्याच दाढीत अडकलाय आणि आपल्यालाच सांगतोय.

त्या सकाळी दुकान उघडून तो स्वतःची दाढी करत होता.

"थांब," मागून दादा.

"अरे देवा, सकाळी सकाळी सुरू झालास?"

"थांब!" आवाज वेगळा होता. आरशातले सगळे दादा उठून उभे राहिले होते.

सलूनवाल्याने सवयीने गाल फुगवला. उजवीकडून फुस्स. वस्तरा हातातून गळला. 'दादा' म्हणायला गेला, तर तोंडातून नुसता घोळ बाहेर पडला. त्याची पाचावर धारण बसली. आता आपणही त्या बाकावर, जन्मभर!

दादा पाय ओढत थेट रस्त्याच्या मधोमध गेला. डावा हात वर करून ओरडला, "थांब!"

टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर शिव्या घालत उतरला. दादाने त्याचं मनगट धरलं, ते खुर्चीपाशी आणेपर्यंत सोडलं नाही.

"तासाभरात आणलंत म्हणून गुठळी विरघळवता आली," दवाखान्यात डॉक्टरबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "मिनिटागणिक पेशी मरत होत्या. उरलेल्या वाचल्या. ओळखलं कोणी?"

सलूनवाल्याने दादाकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी शब्द लंगडत परतू लागले. इतकी वर्षं एवढी बडबड करूनही जे बोलायचं राहिलं होतं, तेच त्याने आधी बोलून टाकलं.

"दादा, तू थांब म्हणालास. मी... मी हसलो रे."

आणि तो ढसाढसा रडला. दादाने डाव्या हाताने त्याचे डोळे पुसले. मग स्वतःचे गाल फुगवून दाखवले. उजवीकडून फुस्स झालं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दादा अर्ध्या तोंडाने हसला.

मग धाकट्याने फुगवले. हवा आत राहिली.