वर चढणारे घोस

रोज सकाळी कुंचला हातात घेण्याआधी शिगेनो रेशमाच्या एका चिंधीवरून पाचही बोटं फिरवायची. कुठे खरखर लागली तर नख घासायची आणि पुन्हा चिंधी. काळ्या किमोनोवर कुळचिन्हं रंगवणाऱ्या बाईच्या हाताने धागा ओढला, तर क्योतोत तिला कोण विचारणार?

त्या वसंतात काम लेकीचंच, चिकागेचं होतं. लग्नात मुलीला सुतकाचा काळा किमोनो द्यायचा आणि त्यावर आईकडून लेकीकडे येणारं चिन्ह घालायचं, ही इकडची रीत. शिगेनोच्या आजीपासूनचं चिन्ह म्हणजे फुलांचे वर चढणारे दोन घोस. पण चिकागेचं सासर तोक्योचं. त्यांना स्वतःचं चिन्ह हवं होतं. तेही दोन घोसच, फक्त खाली लोंबणारे.

"आई, वाद नको. त्यांचंच घाल."

"घालते. मी कुठे नाही म्हटलं?"

बाह्यांवरची आणि छातीवरची चिन्हं नीट उतरली. पाठीवरचं राहिलं. किमोनोला खांद्यावर शिवण नसते, पुढून मागे एकच पट्टा जातो. म्हणून पाठीचं चिन्ह छातीच्या उलट दिशेने रंगवायचं. शिगेनोने कापड फिरवलंच नाही. शिवून आल्यावर चिकागेने किमोनो टांगला. पाठीवर घोस वर चढत होते.

"मुद्दाम केलंस."

"कापड फिरवायचं राहिलं गं."

"तुझं? पन्नास वर्षांनी? दुसऱ्या कुणाला सांग."

शिगेनोने किमोनो उतरवून त्याची घडी घातली. मुद्दाम केलं म्हणावं, तर लेक दुरावते. चुकलं म्हणावं, तर हातातलं कसब गेलं. आणि त्या दिवशी कापडावर वाकताना मनात नेमकं काय होतं, ते तिचं तिलाच आठवेना.

चिन्हं पुसून देणारा ओकुमुरा तिचा जुना ओळखीचा. शिवण उसवलेलं कापड बघून तो म्हणाला, "शिगेनोताई, तुमचं चुकलेलं काम पहिल्यांदाच आलं माझ्याकडे. दुकान बंद करून साजरं करू का?"

ती हसली. घरी येऊन तीन दिवस तिने कुंचल्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी, दिशा पुन्हा पुन्हा तपासून, लोंबणारे घोस रंगवले आणि किमोनो पुन्हा शिवून तोक्योला लेकीकडे पाठवला. तोक्योहून उत्तर आलं, "मिळाला. ठीक आहे." तेवढंच.

चिकागेने तो किमोनो पहिल्यांदा घातला जानेवारीत, आईच्याच अंत्यविधीला. आदल्या आठवड्यात तिने फोनवर अखेर विचारलं होतं, "आई, खरंच चुकून झालं होतं?"

पलीकडे तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं.

"चुकूनच. ठेव आता, मासा करपतोय माझा."